जॉनीचं नाव अजून झळकायचंय

जुन्या रॉक अँड रोलच्या शौकिनांना भांडायला निमित्त लागत नाही. पहिली रॉक अँड रोल रेकॉर्ड कुठली, हा तर त्यांचा घरचाच विषय. कुणी १९५१ ची 'रॉकेट ८८' पुढे करतं, कुणी सिस्टर रोझेटा थार्पने १९४४ मध्ये गिटार छेडत गायलेलं भजन, कुणी बिल हेलीला सोडायला तयार नसतं. जिम डॉसन आणि स्टीव्ह प्रोप्स या दोघांनी १९९२ मध्ये या एकाच प्रश्नावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यात पन्नास उमेदवार उभे केले. एवढं होऊनही वाद जिथल्या तिथे. मला या वादात फारसा रस नाही, कारण त्यात कानांपेक्षा तारखांना काम जास्त.

याच मंडळींचा दुसरा एक वाद मात्र अस्सल कानांचा आहे. 'जॉनी बी. गुड' या गाण्यात चक बेरीचं स्वतःचं असं नेमकं काय? शिकागोच्या चेस कंपनीने १९५८ च्या मार्चअखेर काढलेली ही रेकॉर्ड पावणेतीन मिनिटांचीही नाही. तेवढ्यात सुरुवातीचा तुकडा दुसऱ्याचा, चाल पियानोवाल्याची, पट्टी पियानोवाल्याच्या सोयीची, नायकाचं नाव मित्राकडून घेतलेलं आणि शब्द रेडिओवाल्यांसाठी बदललेले, इतके आक्षेप बसतात. गंमत अशी की यातला प्रत्येक आक्षेप गाण्यातल्या एका ठरावीक जागेवर बोट ठेवतो, आणि त्या त्या जागी खरंच काहीतरी घडत असतं. म्हणून हे गाणं भांडणाऱ्यांचंच बोट धरून ऐकावं.

रेकॉर्ड सुरू होते तेव्हा पहिले पाच-सहा सेकंद गिटार जवळजवळ एकटीच आहे. उसंत न घेता एका दमात वर चढून खाली घरंगळणारी, टोकदार ओळ. मग बँड येऊन मिळतो. ही ओळ बेरीची नाही. लुई जॉर्डनच्या १९४६ सालच्या 'एंट दॅट जस्ट लाइक अ वुमन' या गाण्याच्या तोंडाला कार्ल होगन या गिटारवादकाने ती जवळपास जशीच्या तशी वाजवलेली आहे. दोन्ही रेकॉर्डी लागोपाठ लावल्या की शंकेला जागा उरत नाही. बेरीने हे लपवलंही नाही. होगन, टी-बोन वॉकर आणि चार्ली ख्रिश्चन या गिटारवाल्यांचं ऋण तो मोकळेपणाने सांगत असे. तरीही दर काही वर्षांनी कुणाला तरी होगनचा नव्याने शोध लागतो आणि 'चोरी पकडली' असा गलका होतो.

पण ती ओळ दोन्हीकडे करते काय, ते बघा. जॉर्डनचं गाणं बायकांच्या स्वभावावरची थट्टा आहे, अ‍ॅडम आणि ईव्हपासून सुरू होणारी. तिथे होगन पडदा उघडून देतो आणि बाजूला होतो. पुढचा कारभार जॉर्डनचा आणि त्याच्या सॅक्सोफोनचा. त्या ओळीचा त्या थट्टेशी काही संबंध नाही. बेरीकडे येताना दोन गोष्टी बदलल्या. होगन एकेका तारेवर सुटे सूर वाजवतो. बेरी तसं सुरू करतो खरा, पण लगेच एका बोटाने दोन तारा एकदम दाबून जोडसूर काढायला लागतो, आणि एका गिटारीतून दोघंतिघं ओरडताहेत असं वाटू लागतं. हा जोडसुरांचा हात टी-बोन वॉकरकडून आलेला, पण वॉकरकडे त्यात ऐट आहे आणि बेरीकडे घाई. दुसरा बदल मला जास्त मोठा वाटतो. बेरीच्या गाण्याचा नायकच गिटार वाजवणारा पोरगा आहे. निवेदकाने तोंड उघडायच्या आधी, पोराचं नाव-गाव कळायच्या आधी, आपण त्याला ऐकलेलं असतं. नंतर गाण्यात त्याच्या वाजवण्याचं कौतुक येतं तेव्हा पुरावा मागायची गरज पडत नाही. होगनच्या हातात ती एक सुरावट होती. बेरीने तिला मालक मिळवून दिला.

आता ठेका. शौकिनांमधले जे स्वतः वाजवतात, ते इथे तासन्‌तास अडकतात आणि ते अडकणं रास्त आहे. ड्रमवर फ्रेड बिलो आहे, शिकागोच्या ब्लूजवाल्यांचा हक्काचा माणूस आणि मुळात जॅझमध्ये तयार झालेला. तो मात्रेचे तीन भाग धरतो आणि मधला गाळतो. ठेक्याला दादऱ्याच्या अंगाचा झोका येतो. बेरीचा उजवा हात मात्रेचे सरळ दोन सारखे भाग करतो, केहरवा चालावा तसा. दोघं एकाच वेळी वाजवताहेत आणि कुणीही दुसऱ्यासाठी बदलत नाही. समेवर भेटतात, मध्ये जरा घासतात, पुन्हा भेटतात. त्या घासण्यातून जो खरखरीत जोर निर्माण होतो, तो या रेकॉर्डचा जीव आहे. काहींना ही ढिलाई वाटते. मला वाटतं, एक जुना काळ आणि एक नवा काळ इथे एका खोलीत बसून वाजवताहेत आणि दोघांनाही त्याची फिकीर नाही. पुढे कित्येक बँडांनी हे गाणं घेतलं, त्यांतल्या बहुतेकांचा ड्रमर गिटारबरोबर सरळ चालला. वेग वाढला, आवाज वाढला, पण ती खरखर निघून गेली. बारमधल्या पोरांनी रात्री शेवटचं म्हणून वाजवलेलं 'जॉनी बी. गुड' कंटाळवाणं का होतं, याचं निम्मं उत्तर बिलोच्या झोक्यात आहे.

गाण्याचा साचा अगदी ओळखीचा, चार मात्रांचे बारा विभाग, म्हणजे ४८ मात्रांचं ब्लूजचं आवर्तन. सुरुवातीच्या गिटारीपासून शेवटापर्यंत तेच फिरत राहतं. मधल्या गिटारवादनाच्या तोंडाशी बँड हात आखडता घेतो, मोजके ठोके तेवढे देतो आणि पोराला पुन्हा एकटं पुढे करतो.

बेरीच्या डाव्या हाताकडे बघितलं तर आणखी एक गोष्ट कळते. गाणं 'बी फ्लॅट'मध्ये आहे. सगळ्यांत जाड तारेवर सहाव्या पडद्यावर तर्जनी रोवायची, शेजारच्या तारेवर आठव्या पडद्यावर अनामिका ठेवायची आणि मग ठेक्याबरोबर करंगळी ताणून दहाव्या पडद्यावर टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. गाणंभर हेच. बेरीचे पंजे मोठे होते म्हणून त्याला जमलं. नवशिक्याचा हात दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत भरून येतो. ही करंगळीची ये-जा म्हणजे बुगी-वुगी पियानोवाल्याचा डावा हात. पियानोवर तो सहज पडतो, गिटारवर ओढूनताणून आणावा लागतो. म्हणजे पियानो या गिटारमध्ये आधीपासूनच शिरलेला आहे. आणि इथूनच सगळ्यांत कडवट वाद सुरू होतो.

जॉनी जॉन्सन हा सेंट लुईसचा पियानोवादक. १९५२ च्या शेवटच्या रात्री पलीकडच्या ईस्ट सेंट लुईसमधल्या कॉस्मोपॉलिटन क्लबात त्याच्या त्रिकुटाचा कार्यक्रम होता. सॅक्सोफोनवाला आजारी पडला म्हणून त्याने बेरीला बोलावून घेतलं. बदली आलेला माणूस राहिला, गाऊ लागला, लोकांना हसवू लागला आणि बघता बघता बँड त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. १९५५ मध्ये ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या सांगण्यावरून बेरी चेस कंपनीच्या दारात गेला, 'मेबलीन' निघाली, गाजली, आणि पुढची कित्येक वर्षं जॉन्सन त्याच्या मागे पियानोवर बसला. ऐंशीच्या दशकात जॉन्सन सेंट लुईसमध्ये बस चालवत होता.

रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने हा वाद चव्हाट्यावर आणला. १९८६ मध्ये बेरीच्या साठीनिमित्त त्याने सेंट लुईसच्या फॉक्स थिएटरमध्ये मैफल जमवली, जॉन्सनला शोधून पियानोवर बसवलं, आणि टेलर हॅकफर्डने त्यावर 'हेल! हेल! रॉक अँड रोल' हा चित्रपट केला. रिचर्ड्सचा मुद्दा साधा होता. गिटारवाला स्वतः गाणं रचेल तर 'ई' किंवा 'ए'मध्ये रचेल, तिथे मोकळ्या तारा साथीला येतात. बेरीची गाणी मात्र 'बी फ्लॅट' आणि 'ई फ्लॅट'मध्ये, म्हणजे पियानोवाल्याच्या पट्टीत. तेव्हा चाली मुळात जॉन्सनच्या, बेरीने त्या गिटारवर उतरवल्या.

मुद्दा चलाख आहे, पण मला पूर्ण पटत नाही. बेरी ज्या संगीतावर वाढला ते लुई जॉर्डनसारख्यांचं, फुंकवाद्यांच्या बँडचं होतं, आणि तिथे याच पट्ट्या चालत; गिटारवाल्याला त्यांच्या मागे जावंच लागे. शिवाय वर सांगितलेल्या हातात मोकळी तार लागतच नाही. तोच साचा पडदाभर मागे-पुढे सरकवला की पट्टी बदलली. 'बी फ्लॅट'वरून एवढंच सिद्ध होतं की बेरी पियानोवाल्यांच्या आणि सॅक्सोफोनवाल्यांच्या संगतीत शिकला. जॉन्सनचं देणं मी नाकारत नाही. त्याच्या पियानोने बेरीच्या गिटारला बोलायची सवय लावली, हे त्या काळातल्या जोडीच्या रेकॉर्डी ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. पण देणं वेगळं आणि रचना वेगळी. नोव्हेंबर २००० मध्ये जॉन्सनने पन्नासहून जास्त गाण्यांच्या रचनेत आपला वाटा आहे म्हणून बेरीवर दावा लावला. इतक्या वर्षांनी तो लावता येत नाही म्हणून २००२ मध्ये न्यायालयाने तो काढून टाकला. कोण खरं, याचा निवाडा झालाच नाही. मुदत संपली, एवढंच ठरलं. मधल्या काळात, २००१ मध्ये, जॉन्सनला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये 'साथीदार' म्हणून मान मिळाला, आणि त्या एका शब्दानेही काही जण खवळले.

या सगळ्यावर कडी अशी की खुद्द 'जॉनी बी. गुड'वर पियानोला जॉन्सन नाही असं ध्वनिमुद्रणाच्या नोंदी सांगतात. तिथे लाफायेत लीक आहे, चेस कंपनीचा नेहमीचा वादक, आणि उभ्या बासवर विली डिक्सन. काही जुने शौकीन हे मानत नाहीत. त्यांना त्या पियानोत जॉन्सनची बोटं ऐकू येतात. मी नोंदींच्या बाजूने आहे. पण कुणाचाही असो, तो पियानो एकदा नुसता त्याच्यासाठी म्हणून ऐकून बघा. बेरी गातो तेव्हा तो वरच्या सप्तकात सारखा किणकिणत असतो, शब्द संपायची वाट बघत नाही. गिटार मात्र वाट बघते. ध्रुवपदात बेरी पोराला चेतवणारी एका अक्षराची आरोळी ठोकतो, गिटार लगेच उत्तर देते, पुन्हा आरोळी, पुन्हा उत्तर. माणूस गाऊन विचारतो आणि पोरगा वाजवून सांगतो. एकाच माणसाच्या तोंडाने आणि हाताने हा संवाद चाललाय, हे ऐकताना विसरायला होतं.

आणि नायकाचं नाव? 'जॉनी' हे जॉनी जॉन्सनवरून घेतल्याचं बेरीने सांगून ठेवलंय. ज्या पियानोवाल्याचं नाव घेतलं त्याला गाण्यात गिटार दिली, आणि त्या रेकॉर्डवर त्याला बसवलंही नाही. याला कृतज्ञता म्हणायची की आणखी काही, हे ज्याने त्याने ठरवावं. 'गुड' आलं ते सेंट लुईसच्या गुड अ‍ॅव्हेन्यूवरून. १९२६ मध्ये बेरी तिथल्या घरात जन्मला. 'द व्हिल' नावाची ही शिकल्या-सवरलेल्या, पोटापाण्याला लागलेल्या कृष्णवर्णीयांची वस्ती होती.

म्हणजे जॉनी हा बेरी नव्हे. बेरीचे वडील कंत्राटदार आणि चर्चमधले डीकन, आई शिक्षिका. घरात पुस्तकं, कविता, चर्चमधलं गाणं. पोरगा वाया गेला, चोरीच्या भानगडीत सुधारगृहात जाऊन आला, हे खरं. पण निरक्षर खेडवळ पोर तो कधीच नव्हता. गाण्यातला जॉनी लुइझियानात, न्यू ऑर्लीन्सजवळच्या रानात, ओंडक्यांच्या खोपटात राहतो. त्याला धड लिहिता-वाचता येत नाही. हे सगळं पहिल्या अंतऱ्यात आहे, आणि ते शहरी बेरीने कल्पनेतून रचलेलं आहे. रॉक अँड रोलवाल्यांत असा कथाकार त्या वेळी दुसरा नव्हता. बाकीचे 'मी' आणि 'तू' यांत गुंतलेले असताना हा तिसऱ्या माणसाची गोष्ट सांगत होता, तीही ठिकाण, घर, साहित्य यांच्या तपशिलासकट.

दुसऱ्या अंतऱ्यातला तपशील मला सगळ्यांत आवडतो. पोरगा गिटार गोणपाटाच्या थैलीत घालून नेतो आणि रुळांच्या कडेला झाडाखाली बसतो. तिथे गाडीच्या चाकांच्या ठेक्यावर वाजवतो. येणारे-जाणारे थांबतात, इंजिनवाले त्याला बघतात. एका थैलीत गरिबी, साधनाची काळजी आणि रोजची सवय हे तिन्ही आलं. 'तो गरीब होता' हे म्हणायची पाळीच आली नाही. आणि रेल्वे? गाडी जाते, पोरगा राहतो. ती बाहेरच्या जगाचा ठेका त्याच्यापर्यंत आणते, त्याला मात्र नेत नाही. बेरीचा उजवा हात इथे सरळ दोन-दोन का चालतो, याचं कारण या अंतऱ्यापाशी मला अचानक सापडल्यासारखं होतं. सांध्यांवरून जाणाऱ्या चाकांना झोका नसतो.

तिसऱ्या अंतऱ्यात आई बोलते. एक दिवस तू मोठा होशील, तुझा बँड असेल, लांबून लोक येतील, तुझं नाव दिव्यांत झळकेल. आणि गाणं संपतं. हे नीट लक्षात घ्या. जॉनी गाण्यात कधीच यशस्वी होत नाही. तो रुळांपाशीच आहे. मोठेपण सगळं भविष्यकाळात, तेही आईच्या तोंडून, आणि आया असं म्हणतातच. लोक या गाण्याला यशाचं गाणं म्हणतात ते शब्दांमुळे नव्हे, गिटारीमुळे. कहाणी जे पुढे कधीतरी होईल म्हणते, ते सुरुवातीच्या पाच सेकंदांतच होऊन गेलेलं असतं. माझ्या मते बेरीची खरी करामत ही आहे, आणि ती ना होगनकडून आली ना जॉन्सनकडून.

आता तो बदललेला शब्द. जॉनीचं वर्णन करताना बेरीने आधी त्याचा रंग सांगितला होता. गोऱ्यांची रेडिओ केंद्रं लावणार नाहीत म्हणून तिथे खेडवळपणा आणला. हे त्यानेच पुढे मोकळेपणाने सांगितलं. १९५८ ची सुरुवात म्हणजे काय काळ होता? शेजारच्या आर्कान्सात, लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना आत नेण्यासाठी राष्ट्राध्यक्षांना सैन्य पाठवावं लागल्याला सहा महिनेही झाले नव्हते. 'मेबलीन' गाजली तेव्हा रेकॉर्डवरचे बेरीचे स्वच्छ, कातीव उच्चार ऐकून त्याला गोरा समजणारे पुष्कळ होते, आणि दक्षिणेत एके ठिकाणी त्याला दारात बघितल्यावर आयोजकांनी गाऊ दिलं नाही. ही माघार होती म्हणणारे शौकीन आहेत, आणि शहाणपण होतं म्हणणारेही. मला दोन्ही बाजू निम्म्या खऱ्या वाटतात. रंग न सांगितल्यामुळे जगातल्या कुठल्याही पोराला त्या झाडाखाली स्वतःला बसवता आलं. १९६१ मध्ये इंग्लंडच्या डार्टफर्ड स्टेशनवर मिक जॅगर काखेत चक बेरीची रेकॉर्ड घेऊन उभा होता आणि ती बघून कीथ रिचर्ड्स त्याच्याशी बोलायला गेला, ही आठवण रिचर्ड्सने कितीदा सांगितली असेल. पण ज्या पोराची गोष्ट होती त्याचाच चेहरा पुसला गेला, हे नुकसानही खरंच. पीटर टॉशने १९८३ मध्ये जॉनीला उचलून जमैकात नेलं, चाल संथ केली, आणि ते ऐकताना पोराला त्याचा रंग परत मिळाल्यासारखं वाटतं. बेरीशिवाय इतरांनी गायलेल्यांत मी टॉशला वर ठेवतो, हेंड्रिक्सच्याही वर. यावर भांडायची तयारी आहे.

चेहरा पुसण्याची पुढची पायरी १९८५ च्या 'बॅक टू द फ्युचर'मध्ये आली. त्यातला गोरा मुलगा काळात मागे, १९५५ मध्ये जाऊन शाळेच्या नाचात हे गाणं वाजवतो, आणि बँडमधला बेरीचा चुलतभाऊ फोन लावून चकला ऐकवतो. विनोद म्हणून ठीक. पण त्या हिशेबाने बेरीला त्याचं संगीत एका गोऱ्या पोराने शिकवलं. शौकिनांपैकी अर्धे यावर चिडतात. उरलेले पोराच्या हातातल्या गिब्सन गिटारवर चिडतात, कारण ते मॉडेल १९५५ मध्ये बाजारात आलेलंच नव्हतं.

बेरीला प्रत्यक्ष ऐकलेल्यांच्या आठवणी मात्र फारशा गोड नाहीत. तो एकटा यायचा, गिटार घेऊन. पैसे आधी, रोख. साथीला त्या गावचा जो कुठला बँड मिळेल तो. तालीम नाही, गाण्यांची यादी नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीन १९७३ मध्ये मेरीलँडला असाच त्याच्या मागे वाजवायला उभा राहिला. कुठली गाणी घ्यायची, असं विचारल्यावर चक बेरीची, एवढंच उत्तर मिळालं. मग पट्टी न सांगता गाणं सुरू, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघताहेत. कधी गिटार बेसूर, कधी कार्यक्रम ठरल्या मिनिटाला आटोपता. त्याला ओरबाडून घेणाऱ्या धंद्याने त्याला असं केलं, असं त्याचे चाहते म्हणतात. 'मेबलीन'च्या रचनेत डिस्क जॉकी अ‍ॅलन फ्रीडचं नाव घुसडलेलं होतं, हे आठवलं की त्यांचं म्हणणं पटतं.

बाकीचं पटवून घेणं अवघड आहे. चौदा वर्षांच्या मुलीला राज्याबाहेरून आणल्याच्या खटल्यात तो साठच्या दशकात तुरुंगात गेला. पहिला निकाल न्यायाधीशाच्या वर्णद्वेषी शेऱ्यांमुळे रद्द झाला, दुसऱ्यांदाही शिक्षा झाली. पुढे त्याच्या रेस्टॉरंटच्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहात छुपा कॅमेरा असल्याच्या आरोपावरून स्त्रियांनी दावे लावले, ते तडजोडीने मिटले. गाणं ऐकताना हे विसरावं असं मी म्हणणार नाही. पण मी ते विसरत नाही आणि गाणंही ऐकतो, एवढंच प्रामाणिकपणे सांगू शकतो.

त्याच 'हेल! हेल! रॉक अँड रोल'मध्ये बेरी फॉक्स थिएटरची गोष्ट सांगतो. लहानपणी वडिलांबरोबर तो तिथे सिनेमाला गेला होता आणि काळे म्हणून दोघांना तिकीट नाकारलं गेलं. साठाव्या वर्षी त्याच रंगमंचावर त्याची मैफल. तालमीत रिचर्ड्स 'कॅरोल' या बेरीच्या गाण्याचा सुरुवातीचा तुकडा वाजवतो आणि बेरी त्याला थांबवतो, असा नाही, असा. पुन्हा. पुन्हा चुकलं. पुन्हा. रिचर्ड्सचा चेहरा बघण्यासारखा आहे. शिष्य गुरूवर चाल करून आलाय आणि गुरू त्याला एका मींडेवर अडकवून ठेवतो. चाली जॉन्सनच्या, असं म्हणणाऱ्याला गिटारवरची ती जागा मात्र बेरीकडूनच शिकावी लागते.

मराठी माणसाने या गाण्याकडे वळायला आणखी एक सबळ निमित्त आहे. १९७७ मध्ये सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, पृथ्वीवरचे आवाज घेऊन निघालेली. तिच्यावर 'जॉनी बी. गुड' आहे २ मिनिटं ३८ सेकंद, आणि गोव्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची 'जात कहां हो' ही भैरवी आहे साडेतीन मिनिटं. व्हॉयेजर-१ सुटलं त्याच महिन्यात केसरबाई गेल्या. लोकसंगीताचे अभ्यासक अ‍ॅलन लोमॅक्स यांना बेरीचं गाणं पोरकट वाटलं होतं. पृथ्वीवर पोरंही पुष्कळ आहेत, अशा अर्थाचं उत्तर तबकडीसाठी निवड करणाऱ्या कार्ल सेगनने दिलं. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहावीत. केसरबाईंच्या आवाजाला कुठेही पोहोचायचं नाही, तो पहिल्या सुरापासून पोहोचलेलाच आहे. बेरीला घाई आहे. लोमॅक्स ज्याला पोरकटपणा म्हणाले, ती हीच घाई असावी, आणि ती या गाण्यात दोष नाही. रुळांकाठच्या पोराला ती शोभतेच.

बेरीला स्वतःला मात्र जॉनीला तिथे बसू देववलं नाही. १९६० मध्ये त्याने 'बाय बाय जॉनी' काढलं. त्यात आई बँकेतले पैसे काढून पोराला बसमध्ये बसवून देते, तो पश्चिमेला सिनेमात जातो, प्रेमात पडतो, आईला रुळांकाठी बंगला बांधायचं कळवतो. नाव झालं, पैसा झाला, सगळं मार्गी लागलं. बँडही झोकात वाजवतो. काही जाणकार याला मूळ गाण्याहून वर ठेवतात, आणि आईच्या बाजूने लिहिलेले त्यातले घरगुती तपशील पाहता त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावता येत नाही. तरी मला ते गाणं एकदा ऐकून पुरतं. त्यातला जॉनी पत्रातून भेटतो, आणि पत्रात गिटार वाजत नाही.